बाबांनी मासा समोरून बघितला



बंदी लागून पंधरा दिवस झाले. ट्रॉलर शापोऱ्याच्या जेटीला बांधून पडलेत, होड्या मांगरात गेल्यात, आणि पावसाने जरा उघडीप दिली की ज्याच्या त्याच्या ओसरीवर जाळी पसरलेली दिसतात. ३१ जुलैपर्यंत आपलं हेच काम. परवा माझ्या ओसरीवर दोघे-तिघे बसले होते. त्यातल्या एकाने माझ्या ट्रॉलची मागची पिशवी उचलून बघितली आणि विचारलं, "तुझो आस असो चौकोनी कित्याक? सगळ्यांचो तर शंकरपाळ्यासारखो असता."

मी म्हटलं, लांबलचक गोष्ट आहे, बसल्या बसल्या सांगून होणार नाही, लिहून काढतो. ती ही. तिची सुरुवात आपल्या जेटीवर नाही. मुंबईत चर्नी रोडला आम्ही तिकीट काढून मासे बघायला गेलो, तिथून आहे.

आमचे बाबा रापणीचे तांडेल. पेडण्याच्या किनाऱ्यावरच्या जुन्या मंडळींना लगेच लक्षात येईल कोण ते. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. नवव्या वर्षी रापणीच्या दोराला हात लावला तो सत्तरी उलटेपर्यंत. डोंगरावर उभे राहून पाण्याचा रंग बघायचे आणि सांगायचे, हा बांगडा, हे तारले, ही नुसती ढगाची सावली, उगाच होडी लोटू नका. रात्री पाणी पेटल्यासारखं चमकायचं तेव्हा त्या चमकेच्या आकारावरून मासा किती आहे ते ओळखायचे. वल्ह्याचं एक टोक पाण्यात आणि दुसरं कानाला लावून, डोळे मिटून ऐकायचे. ढोमा, घोळ पाण्याखाली गुरगुरतात ते लाकडातून वर येतं. लहानपणी मी पण वल्हं कानाला लावून बघितलं होतं. मला लाटेचा आवाज आला आणि कान ओला झाला, बाकी काही नाही. पुढे कळलं की हे मासे पोटातल्या हवेच्या पिशवीवर स्नायू थरथरवून आवाज काढतात, ढोलावर थाप मारावी तसा. बाबांना ती पिशवी माहीत होती, घोळीची पिशवी किती भावाला जाते ते आपल्याला कोणी सांगायला नको. पण ती वाजते हे त्यांना वल्ह्याने सांगितलं होतं, पुस्तकाने नाही.

सत्तरच्या दशकात गोव्यात ट्रॉलरविरुद्ध रापणकार रस्त्यावर उतरले, तेव्हा बाबाही गेले होते. मोर्चाला गेले, पणजीला बसले, दोन वेळचं जेवण बुडवून आले. त्या झगड्यातूनच १९८० चा सागरी मासेमारीचा कायदा झाला आणि किनाऱ्याजवळचा पट्टा यांत्रिक बोटींना बंद झाला. कागदावर तरी झाला.

आणि त्याच माणसाच्या मुलाने, म्हणजे मी, १९९६ मध्ये ट्रॉलर घेतला. रापणीला माणसं मिळत नव्हती, दोर ओढायला पन्नास हात लागतात, ते कुठून आणायचे. मला कारणं होती आणि ती खोटी नव्हती. बाबा भांडले नाहीत. तो अख्खा पावसाळा माझ्याशी बोलले नाहीत, एवढंच. नंतर बोलायला लागले, पण बोटीवर पाय ठेवला नाही. बावीस वर्षं नाही. नारळ फोडायलाही आई यायची.

पाण्याचं वेड मात्र गेलं नाही. गुडघे गेले, काठी आली, तरी सकाळी उठून वाळूत जाऊन बसणार. भरती किती चढली, पाणी आज गढूळ का, वारा कुठून, हे सगळं घरी येऊन आईला सांगणार. आईला त्यात काही रस नव्हता, पण ऐकून घ्यायची.

आता एक गोष्ट सांगतो, आपल्यातल्या बऱ्याच घरांत हेच असेल. एवढं आयुष्य पाण्यात काढून बाबांनी पाण्याच्या आत कधी बघितलं नव्हतं. पोहायचे उत्तम. बुडी मारायचे, पण ती खडपात अडकलेलं जाळं सोडवायला, आणि तीही डोळे मिटून, हाताने चाचपत. खाऱ्या पाण्यात डोळे उघडायची आपल्यात पद्धत नाही. मासा म्हणजे वर आलेला मासा. कल्ला लाल आहे का, डोळा स्वच्छ आहे का, अंग कडक आहे का, यावरून आपण मासा ओळखतो. नीट विचार केला तर माशाबद्दलचं आपलं बरंचसं ज्ञान मेलेल्या माशाचं आहे.

२०१८ च्या डिसेंबरात गिरगावात आमच्या चुलत घरात लग्न होतं. बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चार महिने झाले होते, डोळे लख्ख होते, म्हणून हट्टाने आले. कोकणकन्येने गेलो, गावकऱ्यांच्या खोलीत उतरलो. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी काय करायचं म्हणून माझ्या मुलाने, तो तेव्हा बारावीत होता, काढलं की आजोबांना तारापोरवाला मत्स्यालय दाखवूया. गिरगावातून चालत जाण्यासारखं. चर्नी रोड स्टेशनचा पूल ओलांडला की मरीन ड्राईव्हवर समोरच.

तिकिटाच्या रांगेत बाबांनी एकदाच विचारलं, "मासे खावक मेळतत काय?"

"नाय बाबा. बघूचे फक्त."

"पैशे देवन मासे बघूचे?" एवढं म्हणून ते मागे वळून समुद्राकडे बघत उभे राहिले. समुद्र रस्त्याच्या पलीकडेच होता, तो फुकट होता.

ज्यांनी हे मत्स्यालय बघितलं नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १९५१ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. तारापोरवाला या पारशी दानशूराने पैसे दिले म्हणून त्यांचं नाव. आपल्या आधीच्या पिढीतले जे मुंबईला गिरणीत, गोदीत, बोटींवर नोकरीला होते त्यांनी बहुतेकांनी ते बघितलेलं असायचं, गावाकडून कोणी आलं की राणीची बाग आणि मच्छीघर ठरलेलं. मधे दुरुस्तीसाठी बंद होतं, २०१५ मध्ये नवं करून उघडलं. आत शिरताना काचेचा छोटा बोगदा, डोक्यावरून मासे जातात असा. आम्ही गेलो तेव्हा शाळेची सहल आली होती, त्यामुळे नुसता गलका.

बोगद्यात बाबा थांबले आणि वर बघितलं. माशाचं पोट. त्यांनी आयुष्यभर माशाची पाठ बघितली होती, पाण्यात असतानाची. पांढरं पोट वरून जाताना बघून काठी जरा घट्ट धरली. आपल्या पाठीवर निळा-हिरवा आणि पोटाला रुपेरी, असा बांगडा का असतो ते तिथे उभं राहिलं की समजतं. वरून बघणाऱ्याला तो पाण्याच्या रंगात मिसळतो, खालून बघणाऱ्याला उजेडात मिसळतो. हे मी नंतर बोललो. तेव्हा बोगद्यात मागून पोरं ढकलत होती.

पुढे एका टाकीवर निळा-जांभळा दिवा लावला होता आणि त्याच्याखाली रंगीत मासे गोळा झालेले. बाबा म्हणाले, "हयसर पण एलईडी?" मुलगा इतका हसला की शेजारची माणसं बघायला लागली. हसण्यासारखंच होतं, पण आपल्या लोकांना त्याचा दुसरा अर्थ लगेच कळेल. केंद्राने नोव्हेंबर २०१७ मध्ये एलईडी लावून मासेमारी करायला बंदी घातली, आणि त्यानंतरही रात्री किनाऱ्यावरून बघितलं की समुद्रात गाव वसल्यासारखे दिवे दिसतात. या पानावर त्याविषयी भरपूर लिहून झालंय, परत लिहीत नाही.

वागळीच्या टाकीपाशी पोरांची सगळ्यात जास्त गर्दी. वागळी काचेला पोट लावून वर चढते तेव्हा खालचं तोंड आणि वरची दोन नाकाची भोकं मिळून हसरा चेहरा दिसतो. पोरं ओरडत होती, हसतोय, हसतोय. बाबांनी डाव्या पायाचा घोटा पुढे करून एका पोराला दाखवला. वागळीच्या नांगीचा व्रण, चाळीस वर्षं जुना. पोरगं एक पाऊल मागे सरलं. त्या वेळी आजीने काय केलं होतं तेही बाबांनी त्याला सांगितलं: सोसेल तेवढ्या कढत पाण्यात पाय बुडवून ठेवला, पाणी निवलं की परत तापवलेलं. ते बरोबरच होतं. वागळीचं विष उष्णतेने निकामी होतं, त्यामुळे ठणका उतरतो. फक्त नांगीचा तुकडा आत मोडून राहिलेला असू शकतो, म्हणून त्यानंतर डॉक्टरला दाखवायचंच. जखम पोटावर-छातीवर असेल तर पाण्यात वेळ घालवू नका, थेट दवाखाना.

मोरी बघितली, शेवंड बघितली, कासव बघितलं. कासवाला बाबा म्हणाले, "ह्या आमच्याकडचा." मोरजीच्या वाळूत अंडी घालायला येणारं वेगळं, हे वेगळं होतं, पण मी बोललो नाही. समुद्रघोड्याचं चित्र भिंतीवर होतं. मुलाने आजोबांना सांगितलं की अंडी पिशवीत वागवतो तो बाप असतो. त्यावर बाबा माझ्याकडे बघून नुसते हूं म्हणाले. जाताजाता सांगतो, समुद्रघोडा २००१ पासून वाघाच्या बरोबरीने संरक्षित आहे, जाळ्यात आला तर जिवंत असेपर्यंत सोडायचा, वाळवून विकायचा नाही. कोणी चांगला भाव सांगत आलं तरी नाही.

मग गोबऱ्याची टाकी आली.

गोबरा बाकीच्या माशांसारखा फिरत नव्हता. कोपऱ्यात दगडाला टेकून, पाण्यात टांगून ठेवल्यासारखा स्थिर. कल्ले उघडत-मिटत होते, बाजूचे पर हलकेच वाऱ्यासारखे हलत होते. बाबा काचेसमोर उभे राहिले तसा तो दगडापासून सुटला आणि सावकाश पुढे आला. अगदी काचेपर्यंत. एक डोळा फिरवला, वर-खाली. गोबऱ्याचा डोळा फिरतो, हे मी तरी कधी बघितलं नव्हतं. आणि बघता बघता त्याच्या अंगावरचे डाग गडद झाले, आधी फिके होते ते.

"हो माका बघता," बाबा म्हणाले.

सहल पुढे गेली. गलका कमी झाला. आम्ही दोघे बाजूला थांबलो. मला वाटलं पाय दुखतील, मी म्हटलं, बाबा, बसायचं काय. त्यांनी ऐकलं नाही. मग हळू आवाजात, मला की माशाला ते कळलं नाही, म्हणाले, "मी ह्येका सगळ्या जल्मात वरसून बघलंय. तोंड वासलेला, पोट तोंडात इल्ला, डोळे भायर."

गरीने गोबरा खोल पाण्यातून काढलेल्या कोणालाही ते दृश्य माहीत आहे. आपण म्हणतो हावरट मासा, आवासून मरतो. खरं कारण असं की खोल पाण्यात त्याच्यावर पाण्याचा दाब असतो आणि पोटातली हवेची पिशवी त्या दाबाच्या मापाची असते. आपण त्याला भराभर वर ओढतो, दाब सुटतो, पिशवी फुगते आणि पोट तोंडाबाहेर ढकलते. आपण ज्याला गोबऱ्याचा चेहरा समजत होतो तो गोबऱ्याचा चेहराच नव्हता.

तिथला एक वयस्क कर्मचारी बराच वेळ बघत होता. काचेला हात लावू नका म्हणून सांगायला आला आणि बाबांचे हात बघून थांबला. "आजोबा, कुठल्या बंदरावरचे?" असं विचारलं. तो स्वतः पालघरकडचा, कोळीवाड्यातला. मग काय, दोघांचं जमलं. नावांवरून वाद झाला, तुमची सुरमई ती आमची इसवण, तुमचं पाकट ती आमची वागळी, तुमची कोळंबी ती आमची सुंगटं. बाबांनी त्याला मनातला प्रश्न विचारला, जो मलाही पडला होता: बांगडो खंय असा? एवढ्या टाक्या, आणि आपला रोजचा मासा एकही नाही. ना बांगडा, ना तारले, ना इसवण, ना पापलेट.

तो म्हणाला, आजोबा, ते इथे जगत नाहीत. बांगडा, इसवण ही सतत धावणारी जात. पुढे पोहताना तोंडातून पाणी कल्ल्यात जातं, त्यावर श्वास. इसवणीच्या पोटात तर हवेची पिशवीच नाही, थांबली की खाली जाते. अशा माशाला कोपरे असलेल्या टाकीत सोडलं की काचेवर आपटतो. तारल्याला, पापलेटला नुसता हात किंवा जाळं लागलं तरी खवला सुटतो आणि जखम चिघळते. धरायलाच गेलं की मेला. गोबऱ्याचं तसं नाही, त्याला एक दगड दिला की तो घर मानतो.

बाबांना ते लगेच पटलं. बांगडा कोंडून राहत नाही, याचा त्यांना थोडा अभिमान वाटलेला दिसला.

मग त्या माणसाने सहज सांगितलं, "आणि आजोबा, हा आता मोठा झाला म्हणून नर असेल. गोबरा जन्मतो मादी. वाढला की त्यातले काही नर होतात."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "माका येडो समाजता काय तो?"

मरीन ड्राईव्हच्या कट्ट्यावर बसलो. मला खात्री नव्हती, म्हणून भाचीला फोन लावला, ती म्हापशाला प्राणिशास्त्र शिकायची. ती म्हणाली, मामा, बरोबर आहे. गोबऱ्यांच्या बहुतेक जाती तशाच. आणि आपला चोणक उलटा. तो आधी नर असतो, काही वर्षांनी मोठा झाला की मादी होतो. फोन स्पीकरवर होता. बाबा ऐकत होते.

मी हे नवल म्हणून ऐकलं आणि सोडून दिलं असतं. बाबांनी सोडलं नाही. बराच वेळ समुद्राकडे बघत होते, मग बोटं मोजत बोलायला लागले. मानशीत, खाडीत मोठा चोणक मिळाला की आपण काय म्हणतो, नशीब उघडलं. तो सगळा मोठा चोणक मादी. खडपात मोठा गोबरा मिळाला की फोटो काढतो. तो नर. म्हणजे मोठे तेवढे उचलले की एकाकडे बायका उरत नाहीत आणि दुसऱ्याकडे दादले उरत नाहीत. आणि बारकं तुझ्या ट्रॉलात जातं.

"तुझ्या ट्रॉलात" हे त्यांनी बावीस वर्षांत पहिल्यांदा उच्चारलं. रागाने नाही. हिशोब मांडताना ज्या ओळीत जे यायचं ते आलं, तसं. पण मला ते लागलं. मी म्हटलं, बाबा, रापणीत पण बारीक मासा येत होता. तुम्ही पण तो वाळत घालत होता. खत म्हणून माडाच्या मुळात टाकत होता. ते म्हणाले, "व्हय. टाकी होतंय." आणि उठले. परत खोलीवर जाईपर्यंत आम्ही बोललो नाही. मला वाटलं परत एक पावसाळा गेला.

तसं झालं नाही. जानेवारीत, मोठ्या ओहोटीच्या दिवशी, बाबांनी नातवाला बोलावून विचारलं, तुझा तो पोहायचा चष्मा खंय असा? त्याचा गॉगल, रबरी पट्ट्याचा. आम्ही तिघे हरमलच्या खडपात गेलो. थंडीच्या दिवसांत वारा पडलेला असला तर तिथलं पाणी बऱ्यापैकी निवळ असतं, तुम्हाला माहीत आहे. गुडघाभर पाणी, चहूबाजूंनी खडक. मी एका बाजूने धरलं, मुलाने दुसऱ्या बाजूने. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस गॉगल लावून, धोतर खोचून, वाकून तोंड पाण्यात घालतोय, आणि पलीकडे वाळूत दोन परदेशी बायका योगासनं करता करता थांबून बघतायत. असं ते दृश्य.

पहिल्यांदा तोंड घातलं तसं लगेच वर काढलं. नाकात पाणी गेलं. दुसऱ्यांदा परत तेच. तिसऱ्या वेळी राहिले. श्वास संपला की वर, परत खाली. किती वेळा ते मोजलं नाही. प्रत्येक वेळी वर आले की एकेक सांगायचे, लहान मूल सांगतं तसं. शेवट्याची पिल्लं असत. सगळी एका दिशेन तोंड करून. शंखातलो कुरलो चलता. कालवां तोंड उघडून बसली असत. शेवटो आता गोव्याचा राज्यमासा आहे म्हणून नातवाने सांगितलं, त्याचं त्यांना काही वाटलं नाही. मग एकदा बराच वेळ खाली राहिले. मला भीती वाटली, मी खांदा धरून हलवला. वर आले ते हसत. खडकाच्या फटीत बोटाएवढा गोबरा होता. फटीतून तोंड बाहेर काढून बघत होता, मुंबईतल्यासारखाच.

"चेडू असा," म्हणाले. म्हणजे मुलगी आहे, अजून मोठी व्हायची आहे.

त्या रात्री जेवताना त्यांनी माझ्या जाळ्याचा विषय काढला. मी सगळं सांगितलं. ट्रॉलच्या मागच्या पिशवीचा आस शंकरपाळ्यासारखा असतो. बोट ओढायला लागली की तो लांबीत ताणला जातो आणि मिटतो. कागदावर माप कितीही असू दे, ओढताना भोक उरतच नाही. त्यामुळे मागे बारीक मासा अडकतो आणि कुटीच्या भावाने जातो. चौकोनी आस ओढताना मिटत नाही, उघडा राहतो, त्यातून बारकं निघून जातं. मत्स्यखात्याच्या आणि शास्त्रज्ञांच्या शिबिरांत हे मी दोन-तीनदा ऐकलेलं होतं, चहा पिऊन घरी आलेलो. बाबांनी कधी शिबिर बघितलं नव्हतं, पण त्यांनी ताटातली पोळी बाजूला ठेवून, मळक्या जाळ्याचा एक तुकडा आणवला, दोन टोकं ओढली, बघितलं. मग तोच तुकडा तिरका फिरवून ओढला. झालं. एवढंच आहे ते: वेगळं जाळं विकत घ्यायलाच पाहिजे असं नाही, नेहमीचं जाळं तिरकं फिरवून कापून शिवलं की आस चौकोनी बसतो. गाठी मात्र पक्क्या बघून घ्या, सैल असतील तर सरकतात.

त्या पिशवीची शिवण बाबांनी स्वतः घातली. एका ट्रॉलरच्या जाळ्याला त्यांनी हात लावला, तो तेवढाच.

आता खरं तेही लिहितो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा भाषण करतोय. पहिला मोसम वाईट गेला. बारीक सुंगटं निसटली. कुटीचे पैसे कमी झाले, आणि खलाशांचा वरखर्च त्यावरच निघायचा हे तुम्हाला माहीत आहे. दोघे खलाशी बोट सोडून गेले, त्यांना मी दोष देत नाही. डिझेल सुटलं नाही असे दिवस आले. एकदा मी रागाने जुनी पिशवी परत लावली आणि पंधरा दिवस तिच्यावर मासेमारी केली, बाबांना सांगितलं नाही. त्यांना कळलं असणार, जेटीवरून सगळं कळतं. काही म्हणाले नाहीत. परत बदलली. आता बरं चाललंय, फार चांगलं नाही. वर येणाऱ्या ढिगात कचरा कमी, त्यामुळे निवडायला वेळ कमी लागतो आणि मोठ्या माशाला चेंगरल्याच्या खुणा कमी, भाव थोडा बरा मिळतो. पण मी सोडलेला बारका मासा पलीकडच्या बोटीच्या शंकरपाळ्यात जातो, हेही खरं आहे, आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. म्हणून तर हे संस्थेच्या पानावर लिहितोय, माझ्या एकट्याच्या भिंतीवर नाही.

२०२० च्या टाळेबंदीत तारापोरवाला मत्स्यालय बंद झालं, आणि नंतर ती जुनी इमारत धोकादायक ठरली. तो गोबरा कुठे गेला असेल असं बाबा अधूनमधून विचारायचे. मी सांगायचो, दुसरीकडे नेला असेल, त्याला काय, एक दगड दिला की झालं.

बाबा २०२२ च्या पावसात गेले, बंदी चालू असतानाच. गॉगल अजून मांगरात खुंटीला आहे. रबराची पट्टी तुटली म्हणून नातवाने सुतळी बांधलीय.

पिशवी ज्यांना बघायची आहे त्यांनी संध्याकाळी चारनंतर या. एक जुना तुकडा ठेवलाय, हातात धरून ओढून बघता येईल. कात्री आणि सुई तुमची आणा, माझी परवा कोणीतरी नेली ती परत आलेली नाही.